नाचणाऱ्या मोराचे दोन फोटो

रोषणाईचा फोटो काढायला फार अक्कल लागते असं माझं मत नाही. दम लागतो. कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवायचा, लेन्सवरचं झाकण काढायचं आणि काहीही न करता उभं राहायचं. दिव्यांचा उजेड दिवसाच्या मानानं एवढासा, त्यामुळं तो आतल्या काचेच्या प्लेटवर हळूहळू साठू द्यावा लागतो. माझ्याकडं लाकडी पेटीचा जुना कॅमेरा होता, डोक्यावर काळं कापड घेऊन आत बघायचा. वेळ मोजायला मी एकोणतीसचा पाढा म्हणायचो, सावकाश. पाढा संपला की झाकण लावायचं. मी मंत्र पुटपुटतोय असं बघणाऱ्यांना वाटायचं.

आमच्या गावात मुकाट्यानं उभ्या राहिलेल्या माणसाला कुणी सुखानं उभं राहू देत नाही. "काय पावणं, कशाचं माप घेताय?" असं येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारणार. उत्तर दिलं तर पाढा चुकतो, नाही दिलं तर माणूस माजलाय म्हणतात. मी माजलेलाच बरा, असं ठरवून टाकलं होतं. नव्या राजवाड्यापासून भवानी मंडपापर्यंत, सणासुदीला जिथं म्हणून दिवे लागले तिथं मी उभा राहिलो आहे. फोटो चांगले यायचे. लोक नावाजायचे. आणि तरीही या कलेचा मला जेवढा तिटकारा आहे तेवढा दुसऱ्या कशाचा नाही. तो का, तेच सांगायचं आहे.

माझा स्टुडिओ शिवाजी पेठेत होता आणि समोरच्या बाजूला मिस्त्रीचं दुकान. त्याचं खरं नाव घरच्यांखेरीज कुणी घेत नसे, सगळी पेठ त्याला मिस्त्रीच म्हणायची. त्याच्या वडिलांचा बत्त्या भाड्यानं द्यायचा धंदा होता. घरोघरी वीज आली तशा बत्त्या माळ्यावर गेल्या आणि मिस्त्रीनं दिव्यांच्या माळा करायला घेतल्या. मोहरमला पंजाच्या मांडवाला आणि गणपतीत पेठेच्या तालमीच्या इमारतीला रोषणाई त्याच्याच हातची. दोन्हीकडं तो तेवढ्याच हक्कानं शिड्या लावायचा आणि तेवढ्याच जोरात कार्यकर्त्यांशी भांडायचा.

गरीब स्वभावाचा, खाली मान घालून काम करणारा कारागीर असं काही डोळ्यांपुढं आणू नका. मिस्त्री तोंडाळ होता. आपल्या कामाची तारीफ दुसऱ्यानं करेपर्यंत थांबायला त्याला सवड नसायची, तो स्वतःच सुरू करायचा. माझ्या धंद्याची टर उडवणं हा तर त्याचा रोजचा चहा. "तू काय करतोस मर्दा? दिवं मी लावायचं, आन् तू नुसतं झाकण काढायचं," असं चारचौघांत म्हणायचा. मी पण त्याला सोडायचो नाही. आमचं बरं चाललं होतं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. एका वर्षी गणपतीच्या आधी त्यानं दुकानाचं दार आतून लावून घेतलं. खटखट ऐकू यायची, माणूस दिसायचा नाही. मग एका दुपारी मला हाक मारली आणि आत नेऊन एक लाकडी रूळ दाखवला. पोळपाटाच्या लाटण्याचा थोरला भाऊ म्हणावा असा, मांडीएवढा जाड. त्यावर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या, कुठं लांब, कुठं आखूड. त्याला तो रोलर म्हणायचा. मोटरीवर रोलर सावकाश फिरायला लागला की वरून टेकवलेल्या पत्र्याच्या जिभांना पट्ट्या एकेक करून लागायच्या, आणि ज्या जिभेला पट्टी लागेल तेवढे दिवे पेटायचे. पट्टी सरकली की विझायचे.

आज हे कुणी सांगितलं तर पोरंही हसतील. त्या वेळी आमच्या भागात दिवे म्हणजे रांगेत टांगलेले आणि एकदा लावले की बंद करेपर्यंत जळणारे. मिस्त्रीनं तालमीच्या दर्शनी भिंतीवर मोर चढवला, दोन मजले उंच. बल्ब एकेक करून रंगात बुडवून काढलेले. आरती झाली आणि त्यानं खटका दाबला. आधी नुसता मोर, पिसारा मिटलेला. मग डावीकडून एक पीस उजळलं, त्याला लागून दुसरं, तिसरं, असा करत करत सबंध पिसारा भिंतभर उघडला. क्षणभर थरथरला आणि उजवीकडून मिटत आला. खालच्या गर्दीतून जी शिट्टी आणि आरोळी उठली ती मी अजून विसरलेलो नाही. एक म्हातारी हात जोडून उभी होती, ते गणपतीला की मोराला हे तिचं तिलाच ठाऊक.

मिस्त्री माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "नाचतोय का न्हाय?"

"नाचतोय की," मी म्हणालो. मला फार आनंद झाला होता. दुसऱ्याच्या कामाचा एवढा आनंद मला आयुष्यात पुन्हा झाला नाही.

त्याच सुमाराला गावात एका सहकारी संस्थेनं मोठी नवी इमारत बांधली होती. दिवाळीत उद्घाटन, आणि त्याला सबंध इमारतीवर रोषणाई करायची होती. काम मोठं होतं. पण मिस्त्रीला त्यात वेगळंच दिसत होतं. संस्थेचे अध्यक्ष शिरोळ तालुक्यातले, ऊसवाले. म्हणून त्यानं मनात संगम धरला होता. इमारतीच्या एका अंगानं कृष्णा वाहत यायची, दुसऱ्या अंगानं पंचगंगा, आणि त्याच तालुक्यातल्या नृसिंहवाडीला मिळतात तशा दोघी दाराच्या कमानीवर मिळायच्या. निळे दिवे पुढं पुढं धावणारे, म्हणजे पाणी. माझ्या स्टुडिओच्या फरशीवर त्यानं खडूनं सगळं काढून दाखवलं होतं. बारक्या मोरात एक रोलर होता, इथं किती लागतील हे बोटांवर मोजत बसायचा. हे काम मिळालं असतं तर लग्नाच्या मांडवात माळा टांगायचं त्याचं संपलं असतं. त्याच्या तोंडून मी एकदाच हळू आवाजात बोलणं ऐकलं, ते हे. "एवढं मिळू दे गड्या. मग आयुष्यभर शिडी चढायला लागली तरी चालंल."

संस्थेनं कळवलं, ज्याला काम हवं त्यानं आपल्या आधीच्या कामाचा एक फोटो द्यावा.

आता बघा, मोर तालमीवर रोज संध्याकाळी नाचत होता. संस्थेच्या कचेरीतून तालमीपर्यंत सायकलवर पान तोंडात विरघळायच्या आत पोचता येत होतं. यायचं, बघायचं, जायचं. पण काम कुणाला द्यायचं ते ठरवणाऱ्या समितीत एक गृहस्थ होते ते दुसऱ्या पेठेतल्या तालमीचे. गावातल्या तालमी कुस्तीइतकंच फुटबॉलही खेळतात; त्यांच्या आणि आमच्या तालमीचा त्यावरून उभा दावा, आणि त्या हंगामात त्यांचा संघ आमच्याकडून हरला होता. आमच्याकडं एक पद्धत आहे, कुठंही लिहिलेली नाही पण सगळे पाळतात. दुसऱ्या तालमीची रोषणाई बघायला म्हणून जायचं नाही. कामासाठी त्या रस्त्यानं जावंच लागलं तर मान वर करायची नाही. ह्या गृहस्थांनी सुचवलं की समितीनं गल्लोगल्ली फिरण्यापेक्षा फोटो मागवावेत, म्हणजे कुणाच्या दारात जायला नको. बाकीच्यांना ते शिस्तीचं वाटलं.

मी दिवेलागणीच्या वेळी कॅमेरा लावला. आकाशात अजून थोडा निळसर उजेड होता, त्यामुळं इमारतीच्या कडाही येणार होत्या. झाकण काढलं, एकोणतीसचा पाढा सुरू केला. मिस्त्रीनं हात पसरून गर्दी मागं रेटून धरली होती. माझा पाढा होईतो पिसारा उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

त्या रात्री प्लेट धुतली, छाप काढला. सुंदर आला होता. दिवा न दिवा चमकत होता, सबंध पिसारा भिंतभर फुललेला. मिस्त्रीनं तो दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ बघत राहिला. "झकास," म्हणाला. "हे बघ, हितनं सुरू झालाय आन् असा असा उघडत गेलाय." बोटानं तो पिसामागून पीस दाखवत होता आणि मी मान डोलावत होतो. मलाही तो फोटोत उघडताना दिसत होता. आम्ही दोघांनी तो मोर इतक्यांदा नाचताना बघितला होता की कागदावरचा मोर नुसता बसलाय हे आमच्या ध्यानातच आलं नाही.

फोटो द्यायला मीच गेलो, कारण मिस्त्री गेला असता तर भांडून आला असता. समितीचे लोक बसलेलेच होते. फोटो एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

"मोर हाय," एक जण म्हणाला.

"बरा हाय. पण ह्यात नवीन काय? माळा वाकवून मोर केलाय."

मी म्हणालो, "अहो, हा नाचतो. पिसारा उघडतो, मिटतो."

अध्यक्षांनी फोटो पुन्हा हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला. "ह्यात तर उघडाच दिसतोय."

तिथं उभ्या उभ्या मला कळलं काय झालंय ते. झाकण उघडं होतं तेवढ्या वेळात जे दिवे एकामागून एक लागले, ते प्लेटनं सगळे एकत्र जमा करून ठेवले होते. आधी कुठला, नंतर कुठला हे प्लेटला काय कळणार? तिच्या लेखी सगळे एकदमच जळत होते. मी त्यांना समजावलं. जेवढं समजावलं तेवढं ते माझ्याकडं संशयानं बघायला लागले. दुसऱ्या पेठेतले गृहस्थ हसून म्हणाले, "म्हंजे फोटोत जे दिसतंय ते खरं न्हाय, आन् जे दिसत न्हाय ते खरं. आसं म्हणायचंय काय तुमाला?"

"साहेब, उद्या संध्याकाळी या. दोन मिनिटं बघा," मी अध्यक्षांना म्हणालो.

"सगळ्यांच्याच दारात जावं लागंल मग," अध्यक्ष म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "आसं करा, दुसरा फोटो आणा. नाचतोय आसं दिसंल आसा." एकाचे चार फोटो आणू का, असंही मी विचारलं. चिटणीस म्हणाले, कागदं वाढवू नका, एका माणसाला एक फोटो.

परत येऊन मिस्त्रीला सांगितलं तेव्हा त्यानं अपेक्षेप्रमाणं माझाच उद्धार केला. "तुझा ह्यो डबा आंधळा हाय," म्हणाला. मग बसून आम्ही युक्ती काढली. पिसारा अर्धा उघडला की झाकण काढायचं, पुढचं पीस लागायच्या आत लावायचं. रोलर फिरून पुन्हा तीच वेळ आली की पुन्हा काढायचं. असं करत करत त्याच एका प्लेटवर फक्त अर्ध्या पिसाऱ्याचा उजेड साठवायचा. अर्धाच का? तर मिस्त्री म्हणाला, "पुरा दाखवला तर पैल्यासारखंच हुईल. अर्धा दाखव. अर्धा उघडलाय म्हंजे उघडतोय, हे शेंबडं पोरगं बी वळखंल." मला ते पटलं. कुणालाही पटलं असतं, फक्त त्यानं मोर बघितलेला असायला हवा होता.

त्या संध्याकाळी पाढा नव्हता. मिस्त्री भिंतीकडं डोळे लावून "हां" म्हणायचा, मी झाकण काढायचो. "बास" म्हणायचा, मी लावायचो. पेठेतल्या घराघरांत दिवे लागले तशी वीज मंदावली, रोलर रेंगाळायला लागला आणि आमचा ताल चुकायला लागला. मिस्त्रीनं वीज मंडळाला शिव्या घातल्या, "हां"च्या मध्ये. माझा हात भरून आला. पण प्लेट साधली. छाप काढला तर काय सांगू, अर्धा पिसारा धारदार उजळलेला आणि उरलेला अर्धा काळोखात. असला फोटो मी त्याआधी काढला नव्हता. मिस्त्री त्या वेळी माझी टर न उडवता म्हणाला, "तुझं बी काम हाय गड्या." हे त्याचं माझ्याबद्दलचं एकमेव चांगलं बोलणं.

ह्या खेपेला तोही बरोबर आला. तोंड उघडणार नाही असा मी त्याच्याकडून शब्द घेतला होता आणि त्यानं तो पाळला.

फोटो फिरला. चिटणीसांनी तो खिडकीपाशी नेऊन बघितला. दुसऱ्या पेठेतल्या गृहस्थांनी फक्त नजर टाकली आणि म्हणाले, "ह्यातलं अर्धं बल्ब गेल्यात."

कुणीतरी हसलं. अध्यक्षांनी फोटो हातात घेतला, आणि त्यांनाही तेच दिसलं. "आमच्या उद्घाटनाला बल्ब गेलं तर कसं?" त्यांनी खरोखरच काळजीनं विचारलं. मी बोलायला लागलो, झाकण, रोलर, अर्धा पिसारा. माझं मलाच ते थापेसारखं ऐकू यायला लागलं. मिस्त्री शब्द दिल्याप्रमाणं गप्प उभा होता. मी त्याला बोलायला सांगायला हवं होतं असं पुष्कळ जण नंतर म्हणाले. बोलला असता तरी काय फरक पडणार होता? एवढ्या माणसांत एकाला सुद्धा उठून सायकलवर टांग मारावीशी वाटली नाही. त्यांच्या हातात कागद होता ना.

काम बाहेरगावच्या एका डेकोरेटरला गेलं. त्याचा फोटो मी पाहिला. इमारतीच्या प्रत्येक कडेला सरळ रांग, खिडकीखिडकीला चौकट. हलायचं काही नाही, त्यामुळं चुकायचं काही नाही. उद्घाटनाला त्यानं तसंच केलं, आणि त्याचा फोटो काढायला संस्थेनं मला बोलावलं. मी गेलो. नाही म्हणायची ऐपत नव्हती असं नाही, पण गेलो. कमानीखाली गर्दी होती, सनई होती. मी झाकण काढलं आणि पाढा म्हटला. फोटो फारच देखणा आला. सरळ रांगांना माझी ही कला मानवते. पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर तो छापला आणि शिरोळच्या गावागावांतून गोठ्यापर्यंत भिंतींवर लागला. त्या कमानीवर कृष्णा-पंचगंगा मिळणार होत्या, हे त्या कॅलेंडरकडं बघणाऱ्या एकालाही माहीत नव्हतं.

मिस्त्रीनं भांडायला हवं होतं. मी वाट बघत होतो. तो आला, स्टुडिओत बसला, आणि "दे तुझं ते दोन्ही फोटो," म्हणाला. पहिला बराच वेळ बघितला, तोच, ज्यावर बोट फिरवून तो मला पिसारा उघडताना दाखवत होता. मग म्हणाला, "साधाच हाय की रं."

मला त्याचा जो संताप आला तो समितीचाही आला नव्हता. समितीनं बघितलं नव्हतं, ठीक आहे. ह्यानं तर मोर केला होता. हा खाली उभा राहून रोज बघत होता. आणि आता माझ्या एका कागदाचं ऐकून स्वतःच्या डोळ्यांना खोटं पाडत होता. मी त्याला वाटेल ते बोललो. तो उठून गेला. पुढच्या वर्षी तालमीवर मोर चढला नाही. तालमीच्या पोरांनीच त्याला सांगितलं म्हणे, त्या कॅलेंडरवरच्यासारखं काहीतरी करा, फोटोत उठून दिसेल असं. त्यानं केलं. रोलरच्या पट्ट्या उचकटून तांबं मोडीत दिलं आणि लाकूड पाणी तापवायच्या बंबात घातलं. हे मला त्यानंच सांगितलं, रस्त्यात, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं. त्यानंतर तो अगदी सरळ रांगा टांगत राहिला, चांगल्या टांगायचा, आणि मी त्यांचे फोटो काढत राहिलो. टर उडवणं मात्र बंद झालं. मला त्याची फार उणीव भासली, अजून भासते.

तो गेल्यालाही काही वर्षं झाली होती, नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट, तेव्हा त्याची धाकटी लेक स्टुडिओत आली. मोराच्या वेळी ती जन्मलेलीही नव्हती. शाळेत शिकवायला लागली होती, बोलायला बापासारखीच मोकळी. "काका, अब्बांनी मोर केलता म्हणं. नाचायचा म्हणत्यात पेठेत. अब्बा कधी बोललं न्हाईत. तुमच्याकडं फोटो आसंल तर द्या की, घरात लावतो."

मी दोन्ही छाप काढून तिच्या पुढ्यात ठेवले. तिनं आधी अर्धा पिसारा उचलला, उजेडाकडं नेला, आणि विचारलं, "ह्यातलं बल्ब गेलतं काय वो?"

मी तिला सगळं सांगितलं. रूळ, पट्ट्या, झाकण, "हां" आणि "बास". दोन्ही फोटो एकावर एक धरून वरचा भराभर उचलून, टेकवून दाखवला, एकदा अर्धा, एकदा पुरा, म्हणजे निदान हलल्यासारखं तरी होईल. नीट जमेना. तरी मला दिसत होतं. पहिलं पीस, त्याला लागून दुसरं, खाली शिट्ट्या. तिनं मान डोलावली. "हां काका, दिसतंय की," म्हणाली. म्हाताऱ्या माणसाचं मन राखायला बोलतात तसं बोलली. तिला काही दिसलं नव्हतं.

मग तिनं अर्धा पिसारा माझ्याकडं सरकवला आणि पहिला फोटो पदरानं पुसून हातात घेतला.

"ह्यो घेतो," ती म्हणाली. "ह्यात सगळं लागल्यात."

मी तो पाकिटात घालून दिला.